गदा वेगळी, पदक वेगळं, पट्टा वेगळा

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीचं नाव जळगाव-धुळ्याकडे माहीत नसलेला माणूस शोधावाच लागेल. पण त्याने नेमकं काय जिंकलं असं विचारलं, की उत्तरं फुटतात. कुणी म्हणतं हिंदकेसरी, कुणी म्हणतं वर्ल्ड चॅम्पियन. कुणी सांगतं, “भो, तो डीवायएसपी झाला ना, मग कुस्ती सुटली त्याची.” कौतुक सगळ्यांचंच खरं, तपशील मात्र बहुतेकांचा चुकलेला. त्याचं कारणही सरळ आहे. गावच्या यात्रेतली दंगल, महाराष्ट्र केसरीची गदा, ऑलिंपिकची कुस्ती आणि टीव्हीवर दिसणारी पट्ट्याची कुस्ती या चार निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण चौघींना एकच नाव देऊन मोकळे होतो.

पहिला गैरसमज घरचाच आहे: “खान्देशात कुठली कुस्ती? ती कोल्हापूरची.” महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारींनी पटकावला, आणि पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ही स्पर्धा धुळ्यात भरली. तिथे भगवान मोरे केसरी झाले. १९६६ साली जळगावात दीनानाथ सिंह यांनी किताब घेतला. १९७७ साली तर खुद्द चाळीसगावात स्पर्धा झाली, पण ती अनिर्णित राहिली आणि त्या वर्षी महाराष्ट्राला केसरीच मिळाला नाही. म्हणजे जो तालुका एकेकाळी केसरीविना राहिलेल्या स्पर्धेचा यजमान होता, त्याच तालुक्यातल्या पोराने पुढे ओळीने तीन गदा आणल्या. अशी गोष्ट कोल्हापूरकडे घडली असती तर आतापर्यंत तिचा पोवाडा झाला असता.

या गैरसमजात थोडं तथ्य आहे, तेही मान्य करू. कोल्हापूरला शाहू महाराजांसारखा राजा मिळाला. त्यांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागचं मैदान उभं केलं. खान्देश १८१८ पासून थेट इंग्रजांच्या ताब्यात. इथे होता कलेक्टर, आणि कलेक्टर काही पैलवानाच्या खुराकाला पैसे देत नसतो. त्यामुळे इथली कुस्ती जगली ती यात्रा-उरुसांच्या आणि गावच्या वर्गणीच्या जोरावर. शिवाय जमीन काळी. ओली झाली की चिकटते, वाळली की ढेकूळ. आखाड्याच्या हौदाला लागते लाल माती, तीही ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली. पोरात दम दिसला, की घरचे त्याला पुण्याच्या नाहीतर कोल्हापूरच्या तालमीत धाडतात. विजयची तयारीही पुण्यात झाली. कुस्ती इथली, वस्ताद तिकडचे, असं म्हटलं तर ते वास्तवाला धरून होईल.

आता त्या तीन गदा. “पहिला ट्रिपल महाराष्ट्र केसरी आपला विजय” असं अभिमानाने सांगितलं जातं. तसं नाही. नरसिंग यादवने २०११, २०१२ आणि २०१३ असे सलग तीन किताब आधीच घेतले होते. विजयने २०१४, २०१५ आणि २०१६ चे घेतले, म्हणजे तो दुसरा. यात कमीपणा काहीच नाही. गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार असे एकाहून एक मल्ल सलग दोनवर थांबले, हे लक्षात घेतलं म्हणजे तिसऱ्याचं वजन कळतं. विजयची तिसरी गदा पुण्यात वारज्याला आली. समोर अभिजित कटके होता, आणि तोच पुढच्या वर्षी भूगावला केसरी झाला. यावरून समोरच्या गड्याची तयारी काय होती ते समजावं. हिंदकेसरी हा किताब पूर्णपणे वेगळा आहे. त्याची स्पर्धा वेगळी, त्यात देशभरातले मल्ल उतरतात. बॅनर छापणारे दोन्ही नावं बिनदिक्कत अदलाबदल करतात, त्याला इलाज नाही.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज मात्र पुढचा आहे. महाराष्ट्र केसरी म्हणजे राज्यातला सर्वांत भारी पैलवान, ही समजूत. ‘भारी’चा अर्थ वजनाने भारी असा घेतला तर ठीक. सध्या ही गदा लढवली जाते ८६ ते १२५ किलोंच्या गटात. हलक्या अंगाच्या मल्लांसाठी याच स्पर्धेत इतर वजनगट असतात, त्यांत पदकं मिळतात, पण गदेच्या लढतीत त्यांना प्रवेश नाही. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात खेळले. आजच्या नियमाने त्यांना केसरीच्या लढतीत उभंही राहता आलं नसतं. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य जिंकलं. गदा त्याच्याही खांद्यावर नाही. आणि तीन गदा घेणाऱ्या नरसिंगला २०१५ साली जागतिक स्पर्धेत कांस्य मिळालं ते ७४ किलोत. गदेचा रस्ता अंग वाढवायला लावतो, पदकाचा रस्ता अनेकदा उतरवायला. एकाच माणसाला दोन्ही साधणं किती अवघड, ते ज्याने वजन उतरवण्यासाठी पाणी तोडलंय त्यालाच विचारावं.

हेलसिंकीच्या त्याच गटात खाशाबांना हरवून सुवर्ण नेलं ते जपानच्या शोहाची इशीने. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेलं हे एकमेव सुवर्ण. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, जुना सुमो मल्ल रिकिदोझान याने जपानमध्ये व्यावसायिक कुस्तीची संघटना काढली. १९५४ साली त्याच्या लढती टीव्हीवर दाखवल्या, तेव्हा ज्यांच्या घरी संच नव्हते अशा लोकांनी चौकाचौकांतल्या टीव्हीपुढे तोबा गर्दी केली. तेव्हापासून जपानने दोन दुकानं स्वच्छ वेगळी ठेवली. एकीकडे शाळा-कॉलेजातून ऑलिंपिकला जाणारी कुस्ती. तिच्यातून काओरी इचोसारखी सलग चार ऑलिंपिक सुवर्णं जिंकणारी मल्ल निघाली. दुसरीकडे तिकीट लावून होणारी पट्ट्याची कुस्ती. तिथे निकाल आधी ठरलेला असतो, पण आपटलेली पाठ आणि सुजलेला गुडघा खराच असतो. जंबो त्सुरुता १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन लढला आणि लगेच दुसऱ्या दुकानात जाऊन मोठा तारा झाला. तो कुठल्या दुकानात आहे, याबद्दल तिथे कुणाचा घोळ झाला नाही.

घोळ झाला तो आपल्या उपखंडात आल्यावर. अंतोनियो इनोकी हा रिकिदोझानचा शिष्य. १९७६ च्या डिसेंबरात तो कराचीला गामा पैलवानाच्या घराण्यातल्या अक्रमशी लढला. पट्ट्याच्या कुस्तीतला माणूस, तेव्हा नाटकच असणार, असं धरून चाललेल्यांसमोर त्याने अक्रमचा हात असा पिळला, की सांधा गेला आणि लढत संपली. १९७९ ला लाहोरमध्ये अक्रमचा पुतण्या झारा त्याच्यासमोर उभा राहिला. पाच फेऱ्या झाल्या, कुणी पडेना. शेवटी इनोकीनेच झाराचा हात वर केला. तेव्हा ‘व्यावसायिक म्हणजे खोटं’ आणि ‘मातीतलं म्हणजे खरं’ ही दोन्ही सोपी उत्तरं टाकून दिलेली बरी. ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि हा शब्द काही जपानहून आलेला नाही.

खरं पाहता, पैसे घेऊन लढणारा तो व्यावसायिक असं धरलं, तर आपला यात्रेतला पैलवान पूर्ण व्यावसायिक आहे. दंगलीत इनाम ठरतं, जोड लागते, ढोल वाजतो. तिथे गुणांचा हिशेब नसतो. पाठ लागली की कुस्ती झाली. नाही लागली आणि अंधार पडायला आला, तर पंच बरोबरीत सोडवतात आणि इनाम वाटून देतात. हरलेल्यालाही काही ना काही मिळतं, कारण पुढच्या गावाला तोही हवा असतो. दूध, तूप, बदाम यांचा खर्च चालतो तो या पैशांवर. जामनेरला २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या दंगलीत तर परदेशी मल्लही उतरले होते. खान्देशी प्रेक्षकाला परदेशी पैलवान पाहायला टीव्ही लागतो, ही समजूतही आता जुनी झाली.

दंगलीतला पैलवान गादीवर गेला की अडखळतो, त्यामागे बळ कमी पडणं क्वचितच असतं. बदललेला असतो हिशेब. समजा, एकाने झुकून दुसऱ्याचा पट काढला, त्याला खाली घेतलं आणि मागून ताबा मिळवला. गादीवर याचे दोन गुण लगेच लागतात. दंगलीत याची किंमत शून्य, कारण पाठ अजून लागलेली नाही. मातीत लांग किंवा जांघ्या धरून ओढता येतं, गादीवर कपड्याला हात लावला की पंचाची शिट्टी. मातीत दमवून दमवून अर्ध्या तासाने पाडायची सवय, तर गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या, आणि दहा गुणांची आघाडी झाली तर त्याआधीच खेळ खलास. महाराष्ट्र केसरी या दोहोंच्या मधोमध उभी आहे. माती आणि गादी असे दोन विभाग, प्रत्येकाचा एक विजेता, आणि मग त्या दोघांत गदेसाठी लढत, अलीकडे गादीवर. म्हणून “केसरी मातीतला राजा” हे वाक्य भाषणात शोभतं, पण मातीतून आलेल्याला शेवटी गादीच जिंकावी लागते. मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाणारी ती चांदीची गदा माती-गादीचा भेद मानत नाही.

राहिली नोकरी. तीन किताबांनंतर विजयला राज्य सरकारने पोलीस उपअधीक्षक म्हणून नेमलं. “गदा दाखवली, खुर्ची मिळाली” असं कुजकं बोलणारे आहेत. राज्यात मोठी कामगिरी करणाऱ्या खेळाडूंना थेट नेमणूक देण्याचं धोरण आहे, नरसिंग यादव आणि राहुल आवारे यांनाही त्यातून हेच पद मिळालं. माझं मत विचाराल तर, पैलवानाची उमेद तिशीच्या आसपास ओसरू लागते, तेव्हा त्याच्यापुढे शेती, सिक्युरिटीची नोकरी किंवा राजकारण्याच्या मागेपुढे फिरणं एवढंच उरावं, त्यापेक्षा वर्दी केव्हाही बरी. प्रश्न विचारायचाच तर गदेपर्यंत न पोचलेल्या शेकडो पोरांचं काय, हा विचारावा.

वर्दी आली म्हणून कुस्ती सुटली, हेही खोटं ठरलं. २०२३ साली कॅनडातल्या विनिपेगला भरलेल्या वर्ल्ड पोलीस अँड फायर गेम्समध्ये विजयने १२५ किलो गटात सुवर्ण जिंकलं. ‘जागतिक विजेता’ हा मथळा त्यावरूनच आला, आणि गैरसमज तिथूनच पसरला. ही स्पर्धा पोलीस, अग्निशमन दल अशा सेवांतल्या लोकांची. कुस्तीची अधिकृत जागतिक स्पर्धा ती वेगळी, राहुल आवारेला कांस्य मिळालं ती. तरीही ठाणं, बंदोबस्त, बदल्या सांभाळत, वारज्याच्या गदेनंतर सात वर्षांनी गादीवर उतरायचं आणि सव्वाशे किलोंच्या गड्यांना पाडून यायचं, यासाठी रोज पहाटे उठून घाम गाळावाच लागतो. मथळा लिहिणाऱ्याने ‘जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत सुवर्ण’ एवढंच लिहिलं असतं, तरी सायगावात पेढे वाटायला कुणी मागे राहिलं नसतं.