होडीचा पंखा बदलताना

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांना पाण्याखालच्या खडकांतून वाट काढावी लागते. अशा पाण्यात होडीच्या मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा पंखा खडकावर आपटला तर नवल नाही. पाते वाकते, टवका उडतो आणि नवा पंखा घेण्याची वेळ येते. मासेमारीची छोटी होडी असो, पर्यटकांची असो वा शहरातील हौशी मंडळींची, दुकानात मागणी बहुधा एकच असते : ‘होता तसाच द्या’, नाहीतर ‘जास्त पळेल असा द्या’. या दोन्ही मागण्या इंजिनाच्या मुळावर येऊ शकतात.

पंख्यावर बहुतेक वेळा दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ सव्वानऊ आणि नऊ. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू फिरवला की एका फेऱ्यात तो जितका आत शिरतो, तितका त्याचा पिच. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल आणि गिअरमुळे पंख्याला त्याच्या निम्मे फेरे मिळत असतील, तर नऊ इंची पिचचा पंखा कागदावर ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेग देतो. परंतु पाणी लाकडासारखे घट्ट नसते. पंखा त्यात घसरतो. ही घसरण वीस टक्के धरली, तर प्रत्यक्ष वेग २७ किलोमीटरच्या आसपास राहतो.

मग पिच वाढवला की वेग वाढलाच पाहिजे, असा हिशेब केला जातो. येथेच गफलत होते. सायकल चढावर असताना जड गिअर टाकला तर पाय भरून येतात. इंजिनाचेही तसेच होते. थ्रॉटल पूर्ण उघडूनही ते ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, तापते, त्यात काजळी साचते आणि अखेरीस पिस्टनवर संकट येते. उलट पिच फारच कमी असेल, तर इंजिन मर्यादेपलीकडे भिरभिरते. तेही घातकच.

म्हणून पंखा वेगासाठी नव्हे, तर इंजिनाच्या फेऱ्यांसाठी निवडायचा असतो. पूर्ण थ्रॉटलवर किती फेरे अपेक्षित आहेत, हे इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. होडीत नेहमीची माणसे, जाळी, इंधन आणि बर्फ भरून, मोकळ्या पाण्यात टॅकोमीटर लावून चाचणी घ्यावी. पिच एक इंचाने कमी केला तर साधारणपणे १५० ते २०० फेरे वाढतात. पुस्तिकेत ५००० ते ६००० लिहिले असून होडी ४७०० वरच अडकत असेल, तर दोन इंच कमी पिचचा पंखा तिला हद्दीत आणील. तीन इंच कमी केल्यास थोडी सवडही राहील. रिकाम्या होडीवर घेतलेली चाचणी मात्र फसवी ठरते. जुना पंखा वर्षानुवर्षे चुकीचाच असण्याची शक्यताही ध्यानात घ्यावी.

आकार थोडा बदलला तरी परिणाम किती पालटतो, याचा एक गमतीदार दाखला इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांच्या लाकडी स्क्रूचा अर्धा भाग १८३७ साली चाचणीत मोडून पडला आणि बोट अधिक वेगाने धावू लागली! मालवणच्या खडकावर असे भाग्य कोणाला लाभत नाही.

धातूचा विचारही महत्त्वाचा. अॅल्युमिनियमचा पंखा स्वस्त, आणि आपटल्यावर स्वतः वाकून गिअरवरचा आघात कमी करणारा. स्टेनलेस स्टील मजबूत. पण धक्का आत पोहोचवणारे. खडकाळ किनाऱ्यावर छोट्या इंजिनाला अॅल्युमिनियमच बरे. अनेक छोट्या इंजिनांत आघात झेलण्यासाठी शिअर पिन असते. ती तुटली की पोलादी खिळा ठोकून वेळ भागवण्याचा मोह होतो. पुढच्या आपटीत मग पिनेऐवजी गिअर तुटतो.

काही वेळा पंखा बदलण्याचे कारण पात्यांत नसतेच. मधल्या रबरी बुशने पकड सोडली, की इंजिन ओरडते आणि होडी मात्र रेंगाळते. आतल्या व बाहेरच्या भागांवर रंगाची एकच सरळ रेघ ओढून होडी चालवावी. रेघ तुटलेली दिसली तर दोष बुशचा. नवा पंखा घेताना आतल्या दात्यांची संख्या आणि फिरण्याची दिशाही जुळली पाहिजे.

पंखा उतरवण्यापूर्वी इंजिन न्यूट्रलमध्ये घेऊन स्पार्क प्लगची वायर काढावी. पंखा निघाला की दांड्याभोवती जाळ्याचा दोरा गुंडाळलेला नाही ना, हे पाहावे. तो सील कापतो, पाणी आत जाते आणि गिअरचे तेल दुधाळ होते. नवा पंखा चढवताना दांड्याला सागरी ग्रीस लावावे आणि कॉटर पिन नवीच घालावी. जुना, किंचित वाकलेला पंखा फेकू नये. शिअर पिना, नट आणि पान्यासह तो होडीतच असू द्यावा. किनाऱ्यापासून दूर पंखा गेला, तर परत आणायला तो पुरतो.