व्हेनिसमध्ये मुक्काम कुणाचा?

व्हेनिसमधला पत्ता बऱ्याचदा एका नावात आणि एका आकड्यात आटोपतो: ‘कास्तेल्लो ४१९६’. जुन्या शहराचे विभाग सहा, त्यांना ‘सेस्तिएरे’ म्हणतात. घरांचे क्रमांक गल्लीगणिक नव्हे, तर अख्ख्या विभागात सलग चालतात. एकट्या कास्तेल्लोत ते सहा हजारांच्या पुढे जातात. गल्लीचं नाव भिंतीवरच पांढऱ्या चौकटीत काळ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. गिलावा उडाला की अर्धं नावही जातं. हातातल्या बॅगेची चाकंही फार कामाची नाहीत, कारण शहरात चारशेहून अधिक पूल आणि बहुतेकांना पायऱ्या. म्हणून जाणते प्रवासी खोली ठरवण्याआधी ‘वापोरेत्तो’चा, म्हणजे जलबसचा थांबा शोधतात. थांब्यापासून दारापर्यंत पूल किती, हे भाड्याइतकंच बारकाईने पाहावं लागतं.

परक्या माणसाने कुठं झोपायचं, हे या शहरात शतकानुशतकं सरकारच ठरवत आलं. रिआल्तो पुलाला लागून ‘फोंदाको देइ तेदेस्की’ ही जर्मन व्यापाऱ्यांची वास्तू उभी आहे. तेराव्या शतकातली मूळ इमारत १५०५ मध्ये जळाली आणि १५०८ पर्यंत प्रजासत्ताकाने ती नव्याने बांधली. जर्मन व्यापाऱ्याला शहरात मनाला येईल तिथं उतरता येत नसे. माल इथंच उतरवायचा, सौदे सरकारी दलालांच्या देखत करायचे, कर भरायचा आणि रात्री इथंच झोपायचं. खाली वखार, वर खोल्या, मधे चौक. रात्री दारं बंद होत. पाहुणचार आणि पहारा एकाच छपराखाली!

हाच नियम इतरांनाही लागू झाला. ज्यूंना १५१६ पासून कान्नारेज्जो विभागातल्या ‘गेत्तो’त राहणं भाग पडलं, त्याचे दरवाजे रात्री बंद व्हायचे. तुर्की व्यापाऱ्यांना १६२१ मध्ये मोठ्या कालव्यावर स्वतंत्र फोंदाको मिळाला. तिथं आता निसर्गेतिहासाचं संग्रहालय आहे. जेरुसलेमच्या वाटेवरचे यात्रेकरू जहाज सुटेपर्यंत आठवडेच्या आठवडे इथं अडकून पडत. त्यांना उतारा शोधून द्यायला सरकारमान्य वाटाडे असत.

१७९७ मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताक कोसळलं आणि ही सारी व्यवस्था मोडीत निघाली. सरदार घराण्यांचे प्रासाद भाड्याने मिळू लागले. १८२२ मध्ये जुझेप्पे दाल निएल या गृहस्थाने दांदोलो घराण्याच्या प्रासादात हॉटेल थाटलं. तेच आजचं प्रसिद्ध ‘दानिएली’. कास्तेल्लो ४१९६ हा पत्ता त्याचाच. १८४६ मध्ये खाडीवरून रेल्वेचा पूल आला, १९३३ मध्ये मोटारींचा. बेटावर येण्यासाठी नावेची गरज उरली नाही.

आज खिसा जड असेल तर जुदेक्का बेटावरच्या ‘मोलिनो स्तुकी’त उतरता येतं. पिठाची ही अवाढव्य गिरणी २००७ मध्ये हॉटेल झाली. बेताच्या बजेटवाल्यांसाठी धर्मसंस्थांची अतिथीगृहं आहेत; कास्तेल्लोतली ‘फोरेस्तेरिया वाल्देझे’ त्यांपैकी एक, तीही एका जुन्या प्रासादातच. याहून स्वस्तात हवं असेल तर मुख्य भूमीवरचं मेस्त्रे गाठायचं. तिथून व्हेनिसचं सांता लुचिया स्टेशन रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर.

मेस्त्रेचा आणखी एक फायदा आहे. २५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने ठरावीक गर्दीच्या दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क लावलं. पहिल्या वर्षी २९ दिवस, ५ युरो; २०२५ मध्ये ५४ दिवस, आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्याला १० युरो. मुक्कामी पाहुण्याला हे शुल्क माफ आहे, कारण तो मुक्कामाचा कर वेगळा भरतो. मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येत असल्याने तिथं राहणाराही सुटतो. मात्र सवलतीसाठी आधी नोंदणी करून कोड घ्यावा लागतो.

हे शुल्क गर्दीवर आहे. घरांच्या टंचाईला ते हात लावत नाही. १९५१ मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली आला. तळमजल्यावर पुराचं पाणी, दुरुस्ती महाग, नोकऱ्या मुख्य भूमीवर. लोक आधीच निघत होते. त्यात घर महिन्याने देण्यापेक्षा रात्रीच्या हिशेबाने देणं मालकांना परवडू लागलं. दारांशेजारी आकड्यांची कुलपं लावलेल्या चाव्यांच्या डब्या दिसू लागल्या: मालक गावात नाही, पाहुण्याने चावी काढून आत जायचं.

सान बार्तोलोमेओ चौकातल्या एका औषधाच्या दुकानाने २००८ पासून काचेत रहिवाशांचा आकडा दाखवणारी पाटी लावली आहे. २०२३ मध्ये सांता मार्गेरिता चौकातल्या पुस्तकाच्या दुकानात दुसरी पाटी लागली, पर्यटकांसाठीच्या खाटांची. ती घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या ‘ओचो’ या नागरिकांच्या गटाने लावली. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरा आकडा पहिल्याच्या पुढे गेला.