सवलत कोणाच्या खिशातून?

(घरगुती उत्पादनं ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागच्या दिवाळीत एखाद्या साइटवरच्या सेलमध्ये तुमच्यापैकी किती जणांनी भाग घेतला होता? बरेच हात आहेत. आता, सेल संपल्यावर एका नगामागे आपल्याला नेमके किती रुपये सुटले हे ज्यांना सांगता येईल, त्यांनीच हात वर ठेवा. हं. तीन. (हशा) हसू नका. पहिली दोन वर्षं मीही हात खाली घेणाऱ्यांतच होते.

मी गोडा मसाला विकते. पहिल्या सेलला एका साइटवर वीस टक्के सवलत लावली आणि ऑर्डरींची रांग बघून घरात पेढे वाटले. रात्री बारापर्यंत पाकिटं सील करत होतो. पुढे पैसे जमा झाले, धणे-खोबऱ्याचं बिल भागवलं, आणि उरलं त्यात पुढच्या खेपेचं दगडफूलही येईना. मला कोणी फसवलं नव्हतं. मी हिशेबच मांडला नव्हता. तो आज इथे फळ्यावर मांडू या. आकडे माझ्या मसाल्याच्या जवळपासचे आहेत, गणिताला सोपे केलेत. तुम्ही तुमचे घाला.

दोनशे ग्रॅमचं पाकीट, किंमत ३१५ रुपये. त्यात पाच टक्के जीएसटी, म्हणजे १५ रुपये सरकारचे. आपले ३००. कच्चा माल, भाजणं, कांडप, मजुरी, पाकीट, खोका मिळून १३०. साइटचं कमिशन दहा टक्के धरू. ते ३१५ वर लागतं, तीनशेवर नाही, म्हणजे साडेएकतीस. शिपिंग आणि दर ऑर्डरीमागची ठरावीक फी मिळून ६५. आता परत येणारा माल. शंभर पाठवली तर पाच परत येतात असं धरा. कपडा परत आला तर इस्त्री करून पुन्हा विकता येतो, मसाला नाही. माल गेला, भाडंही गेलं. ते नुकसान उरलेल्या पंच्याण्णवांवर वाटलं की दर पाकिटामागे दहा रुपये येतात. सगळं वजा करा. उरले साडेत्रेसष्ट. यात माझा स्वतःचा वेळ धरलेला नाही, हे लक्षात असू द्या.

कमिशन आणि शिपिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो इथे साधारण सतरा रुपये होतो. तुमची नेहमीची जीएसटी नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना नोंदणीशिवायही आपल्या राज्यापुरतं साइटवरून विकता येतं. पण मग तुम्ही मालावर जीएसटी लावत नाही, आणि हे सतरा रुपयेही परत मिळत नाहीत. तो खर्चच धरायचा. टीसीएस, टीडीएस म्हणून जे थोडे पैसे कापले जातात ते मात्र खर्च नाहीत. ते तुमच्या नावावर जमा असतात. फक्त हातात उशिरा येतात.

आता दहा टक्के सवलत देऊ. गिऱ्हाइकाला पाकीट साडेत्र्याऐंशी जास्त दोनशे, म्हणजे २८३ रुपये ५० पैशांना पडलं. कर काढून आपले २७०. कमिशन तीन रुपयांनी कमी झालं. बाकी एकही खर्च हलला नाही. धणे स्वस्त झाले नाहीत, कुरिअरवाला कमी घेत नाही. उरले ३६ रुपये ६५ पैसे. किंमत दहा टक्क्यांनी उतरली आणि नफा जवळजवळ बेचाळीस टक्क्यांनी. पूर्वी शंभर पाकिटांत जेवढे मिळत होते, तेवढे मिळवायला आता १७३ विकावी लागतील. आणि वीस टक्क्यांना? माझी पेढेवाली सवलत? पाकिटामागे ९ रुपये ८० पैसे. शंभराच्या जागी ६४८ पाकिटं. माझ्या कढईत ती मावली असती का, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

म्हणून मी सांगते, सवलत किमतीतून जात नाही, नफ्यातून जाते. गिऱ्हाईक टक्के किमतीवर मोजतं, आपण ते नफ्यावर मोजायचे.

मग सवलत द्यायचीच नाही का? द्यायची. पण आपला एखादा खर्च वाचत असेल तिथे. बघा, या हिशेबात सगळ्यात जाचक आकडा कोणता? १३० नव्हे. ते ६५. शिपिंगचे दर बऱ्याच ठिकाणी अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतात. दोनशे ग्रॅमचं पाकीट पाठवताना आपण अर्ध्या किलोचं भाडं भरतो आणि अर्धी गाडी रिकामी नेतो! दोन पाकिटं एकत्र, म्हणजे चारशे ग्रॅम, वर खोका आणि पाकिटांचं सत्तर-ऐंशी ग्रॅम. तरीही टप्पा तोच. आता या जोडीवर दहा टक्के सवलत द्या. किंमत ५६७, कर काढून ५४०. माल २६०, कमिशन ५६ रुपये ७० पैसे, शिपिंग तेच ६५, परतीचे २०. उरले १३८. आणि दोन सुटी पाकिटं पूर्ण किमतीला विकली असती तर? १२७. गिऱ्हाइकाचे त्रेसष्ट रुपये वाचले आणि आपले अकरा वाढले. दहा टक्के दोन्हीकडे तेच. एकीकडे ते नफ्यातून गेले, दुसरीकडे वाचलेल्या भाड्यातून.

फक्त खोक्याचं माप बघा. साइट खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी पाच हजारांनी भागायची. वीस बाय पंधरा बाय दहाचा खोका घेतलात तर सहाशे ग्रॅम झाले, गेलात वरच्या टप्प्यात. उंची आठ केलीत तर चारशे ऐंशी.

दरपत्रक वाचायला कंटाळा येतो, मान्य आहे, पण तिथेच पैसे असतात. ३१५ ऐवजी २९९ लावू का, असं मला नेहमी विचारतात. दहा टक्के कमिशन असेल तर त्या सोळा रुपयांनी तुमचा नफा साडेत्रेसष्टवरून पन्नासवर येतो. केवळ नव्व्याण्णव दिसायला बरं म्हणून पाचवा हिस्सा सोडायचा का, ते तुम्ही ठरवा. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनने भारतात बऱ्याच प्रकारच्या मालावर तीनशेच्या आतल्या वस्तूंचं कमिशन शून्य केलं. तुमचा माल अशा यादीत असेल तर २९९ ला जवळपास ऐंशी रुपये सुटतात! तेव्हा किंमत उतरवून नफा वाढतो. दर बदलत राहतात, म्हणून दर तीन महिन्यांनी पुन्हा बघायचे.

दुसरी योग्य जागा म्हणजे जुना होत चाललेला माल. इथे नफा विसरायचा, अडकलेले पैसे सोडवायचे. पण उशीर करू नका. अन्नपदार्थ घरपोच होताना त्याची किमान तीस टक्के किंवा पंचेचाळीस दिवसांची मुदत शिल्लक असावी, असं एफएसएसएआयने २०२४ मध्ये साइटवाल्यांना सांगितलं आहे. शेवटच्या महिन्यात सेल लावू म्हणाल तर लावताच येणार नाही.

आणि एक गोष्ट करू नका. छापील किंमत ६३० लिहायची, ती खोडायची आणि ‘पन्नास टक्के सूट’. कायद्याच्या दृष्टीने ती दिशाभूल ठरू शकते. ‘फक्त दोनच शिल्लक’ असं खोटं लिहिणं तर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थेट मोडतं. कायदा बाजूला ठेवला तरी गिऱ्हाइकाच्या डोक्यात ३१५ हीच किंमत बसते, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही खरोखर खर्च वाढला म्हणून ३३० केलेत की ते म्हणतं, यांचं पन्नास टक्के संपलं वाटतं. वारंवार सेल लावला की हेच होतं. लोक खरी किंमत विसरतात आणि सेलची वाट बघतात.

हां, मागच्या ताईंचा प्रश्न आहे. “माझ्या शेजारचा विक्रेता २४० ला देतो, मी काय करू?”

ताई, आधी त्याचं पाकीट किती ग्रॅमचं आहे ते बघा. दीडशेचं आहे ना? मग शंभर ग्रॅमला त्याचे १६० झाले आणि तुमचे १५७. महाग तो आहे! पहिल्या ओळीतच तुमचा शंभर ग्रॅमचा भाव लिहा. वजन खरंच सारखं असेल तर त्याच्या मागे जाऊ नका. २४० ला तुमच्या हातात काही उरत नाही, हे आत्ता फळ्यावर आहे. त्यापेक्षा खोक्यात दहा ग्रॅम काळ्या मसाल्याची पुडी टाका. ती सहा-सात रुपयांत होते. दहा टक्के सवलत तुम्हाला जवळजवळ सत्तावीस रुपयांना पडते. पुडीचं वजन मात्र आधी काट्यावर बघा, जोडीच्या खोक्यात टाकणार असाल तर पाचशेच्या वर जायला नको.