पोलादी चिलखत अंगाला बसवताना

पोलादी पत्र्याचे चिलखत अंगाला नीट बसणार की नाही, हे पत्र्याच्या आधी त्याच्या खालच्या कापडावर ठरते. युरोपात पंधराव्या शतकात डोक्यापासून पावलापर्यंतचे युद्धातले चिलखत साधारण 20 ते 25 किलोचे असे. ते घालून घोड्यावर चढायचे, पायी लढायचे, पडले तर उठायचे. फ्रेंच सेनानी बुसिको शिरस्त्राणाखेरीज सगळे चिलखत अंगावर चढवून कोलांटी मारत असे, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. असे चिलखत ज्याच्या त्याच्या मापाचे असल्याखेरीज हे शक्य नव्हते.

इटालियन शस्त्रगुरू फिओरे देई लिबेरी याने 1410 च्या सुमारास सिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथात चिलखतधारी लढतीचे डाव दिले आहेत. तलवारीने पत्रा कापला जात नाही. म्हणून एका हाताने पाते मध्यावर धरायचे आणि टोक काखेत, चेहऱ्यावर किंवा तळहाताच्या बाजूला, जिथे पत्रा नाही तिथे घालायचे. आज युरोप-अमेरिकेतल्या ऐतिहासिक तलवारबाजीच्या वर्गांत हे डाव पुन्हा शिकवले जातात, अर्थात बोथट हत्यारांनी. ढिले चिलखत या सरावात सरकते आणि झाकायची जागा उघडी पडते. घट्ट चिलखतात हात वर जात नाही. म्हणजे मापाचा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे.

सुरुवात होते ती आतल्या बंडीपासून. तिला आर्मिंग डब्लेट म्हणतात. ही बंडी जाडजूड गादीसारखी असावी, हा नवशिक्यांचा सर्वांत मोठा गैरसमज. पत्र्याखाली जाड कापूस भरला की उकडते, हालचाल अडते आणि वरचा पत्रा नाहक मोठा करावा लागतो. पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात पायी लढणाऱ्याला चिलखत कसे चढवावे, याचे बारकाईने वर्णन आहे. आत सदरा घालायचा नाही. जाड सुती-तागी कापडाची, साटिनचे अस्तर लावलेली आणि भोके पाडलेली बंडी थेट अंगावर घालायची. काख आणि कोपराच्या वळणाशी कड्यांच्या जाळीचे तुकडे शिवायचे. चिलखत बांधायच्या नाड्या क्रॉसबोच्या (आडव्या धनुष्याच्या) दोरीला वापरतात तसल्या सुताच्या असाव्यात. त्यांना मेण लावायचे, म्हणजे त्या ताणत नाहीत की तुटत नाहीत. गुडघ्यांभोवती पातळ कांबळ्याचे तुकडे गुंडाळायचे, म्हणजे पत्रा काचत नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या या सूचनांत आजही फारसा बदल करावा लागत नाही.

बंडीची खरी परीक्षा बाहीत असते. फ्रान्समधील ल्यों येथील वस्त्रसंग्रहालयात शार्ल द ब्लुआ (मृत्यू 1364) याचा म्हणून ओळखला जाणारा अंगरखा आहे. त्याची बाही खांद्यावर न जोडता छाती आणि पाठीपर्यंत खोल, गोल कापून बसवली आहे. अशा कापात हात उंचावला तरी अंगरखा कमरेतून वर ओढला जात नाही. हातांचा पत्रा याच बंडीला बांधायचा असतो आणि पायांचा पत्राही अनेकदा तिलाच लोंबतो. बंडी वर सरकली तर तिच्याबरोबर सगळेच सरकणार.

वजन पेलायची जागा म्हणजे कंबर. सह्याद्रीत मोठी सॅक घेऊन चढणाऱ्याला कमरेचा पट्टा आवळल्यावर खांदे कसे हलके होतात ते माहीत असते. इथेही तत्त्व तेच. बरगड्या संपतात आणि कमरेचे हाड सुरू होते त्यामधल्या बारीक जागी छातीचा आणि पाठीचा पत्रा आवळला जायला हवा आणि तिथेच संपायला हवा. त्याखाली येतात ते एकमेकांवर सरकणारे आडवे पट्टे. पुष्कळ तयार चिलखतांत छातीचा पत्रा पँटच्या पट्ट्यापर्यंत लांब असतो. मग माणूस वाकला की खालची कड मांडीला लागते आणि वरची कड गळ्यात रुतते. पत्रा छातीवर फुगीर हवा, कारण दमल्यावर श्वास भरायला जागा लागते. काखेकडे मात्र तो अरुंद हवा. दोन्ही हात पुढे आणून तलवारीची मूठ धरता आली नाही, तर पत्रा रुंद आहे असे समजावे.

पायांचा पत्रा बसवणे सर्वांत अवघड. गुडघ्याची वाटी आणि तिच्या वरखालच्या पट्ट्या ज्या रिव्हेटांवर फिरतात, ती रिव्हेटे गुडघ्याच्या प्रत्यक्ष सांध्यासमोर यायला हवीत. ती खालीवर झाली की पाय दुमडताना पत्रा मांडीत बोचतो. नडगी आणि पोटरी झाकणारा नळा तर त्याच माणसाच्या पायावरून घडवावा लागतो. पोटरीचा फुगवटा, घोट्यावरचा बारीकपणा आणि नडगीचा हलका बाक प्रत्येकाचा निराळा. माप नेहमी लढताना घालायच्या बुटासकट घ्यावे. नळ्याचा भार घोट्याच्या हाडावर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला आला तर पाच मिनिटांत चालणे अशक्य होते.

पायांवर इतका भर देण्याला शास्त्रीय आधार आहे. इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी चिलखतधारी लढतीची सवय असलेल्या माणसांना 30 ते 50 किलोच्या प्रतिकृती घालून ट्रेडमिलवर चालवले, पळवले. निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. चालताना लागणारी ऊर्जा नेहमीच्या 2.1 ते 2.3 पट आणि पळताना सुमारे 1.9 पट झाली. एकट्या पायांवरच 7 ते 8 किलो होते आणि प्रत्येक पावलाला ते उचलावे लागे. शिवाय छाती आवळलेली असल्याने खोल श्वास घेता येत नव्हता. माणसे उथळ, भराभर श्वास घेत. पायाचा पत्रा जाड घेणे हा म्हणूनच आतबट्ट्याचा व्यवहार. जुने कारागीर छातीवर जाड आणि हातापायांवर पातळ पत्रा ठेवत, आणि एकाच तुकड्यातही जाडी कमीजास्त करत.

हातांच्या बाबतीत पत्रे आणि बंडी यांच्यातल्या नाड्यांना थोडी ढील ठेवली की बहुतेक अडचण सुटते. शिरस्त्राणात डोके पत्र्याला टेकता कामा नये. आतले शिवलेले अस्तर डोक्याला धरून ठेवते आणि घाव पत्र्यावर पसरतो. हनुवटीचा पट्टा आवळून मान झटकावी; शिरस्त्राण डोक्याबरोबर फिरले तर ठीक, मागे राहिले तर अस्तर बदलावे. लोखंडी हातमोज्यांत आतला चामडी मोजा तळहातावर पातळ हवा, नाहीतर मूठ जाणवत नाही.

नवे चिलखत पहिल्याच दिवशी पूर्ण घालून झुंजायला उतरू नये. एकेक भाग घालून उठाबशा काढाव्यात, जमिनीवर लोळून उठावे, घरभर वावरावे. कुठे वळ उठला ते चिलखत उतरवल्यावर कळते. तिथे कड दुमडून गोल करावी, पट्ट्याचे भोक बदलावे किंवा अस्तर लावावे. घाम पत्र्याला गंज आणतो आणि चामडे कडक करतो, त्यामुळे पुसून तेलाचा हात फिरवणे रोजचेच. वजन घटले-वाढले की पट्टे पुन्हा जुळवावे लागतात.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवावा: आधी शिंप्याकडून अंगाबरहुकूम बंडी, मग उत्तम शिरस्त्राण आणि हातमोजे, मग पाय, आणि छाती-पाठीचा पत्रा त्यानंतर. सगळा संच एकदम तयार विकत घेणाऱ्याला पुढे बंडी शिवल्यावर तोच संच अंगात जात नाही असे आढळते, आणि तो विकून पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते.