बैलगाडीची रबरी धांव : निवड, जोडणी व निगा

शेतकऱ्याच्या संसारांत बैल, नांगर व गाडी हीं तीन मुख्य साधनें होत. पैकीं बैलाची पारख व नांगराची निवड यांविषयीं शेतकरी जितकी काळजी घेतो, तितकी गाडीच्या चाकाविषयीं घेत नाहीं. आरा मोडला म्हणजे सुतार व धांव सैल झाली म्हणजे लोहार, एवढाच काय तो विचार होतो. ट्रॅक्टरांमुळें बैलांची संख्या पुष्कळ घटली हें खरें. तथापि ज्यांचेजवळ आजहि जोडी आहे, त्यांचे घरचें शेणखत, कडबा व माळवें बैलगाडीनेंच जातें येतें, आणि साखर कारखान्यांच्या हंगामांत उंसानें भरलेल्या टायरगाड्यांच्या रांगा अद्यापि दृष्टीस पडतात. जुनीं लांकडी चाकें काढून रबरी बसवावीं, किंवा असलेलीं रबरी चाकें बदलून अधिक चांगलीं घ्यावीं, असा ज्यांचा विचार असेल, त्यांनीं पैसा खर्चण्यापूर्वीं काय काय पहावें हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

रबरी धांवेचा उगम

हवा भरलेली धांव मोटारीसाठीं निघाली असा सार्वत्रिक समज आहे, तो बरोबर नाहीं. रॉबर्ट विल्यम थॉमसन नांवाच्या स्कॉटिश शिल्पज्ञानें तिचा हक्क १८४५ सालीं नोंदविला, तेव्हां मोटार जन्मास यावयाची होती. त्यानें ती घोड्याच्या गाडीसच लावून पाहिली. ती कल्पना मागें पडली व १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यानें पुन्हां शोधून काढली. हा गृहस्थ बेलफास्ट शहरांत जनावरांच्या वैद्याचा धंदा करीत असे. आपल्याकडे १९३६ सालीं बंगाल्यांत हुगळीकांठीं साहागंज येथें डनलॉप कंपनीचा कारखाना निघाला, व कित्येक प्रांतांत रबरी चाकांच्या बैलगाडीस ‘डनलॉप गाडी’ हेंच नांव पडलें. पुढें बंगळूर येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन्. एस्. रामस्वामी यांनीं बैलगाडीच्या सुधारणेचा पाठपुरावा अनेक वर्षें केला.

बैलास श्रम कशाचे होतात

गाडी ओढतांना बैलास तीन गोष्टींशीं झगडावें लागतें. पहिली, रस्त्याचा अडथळा. लोखंडी धांव अरुंद व कठीण असल्यामुळें मऊ जमिनींत रुतते, व खडीवर प्रत्येक दगडाशीं ठेंचाळते. रबरी धांव रुंद असते. ती ओझें अधिक जागेवर पसरते व लहान खडा स्वतःच्या अंगांत दाबून घेऊन त्यावरून निघून जाते. दुसरी, आंखाचें घर्षण. तिसरी, चढ. पहिल्या दोन गोष्टींवर मनुष्याचा उपाय चालतो. तिसरीवर चालत नाहीं. हें नीट ध्यानांत यावें म्हणून एक हिशेब मांडतों.

प्रत्येकीं ४०० किलो वजनाची बैलजोडी घेऊं. बैल आपल्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतका जोर तासन्‌तास लावूं शकतो, म्हणजे जोडीचा जोर ८० किलो झाला. गाडी व माल मिळून वजन १५०० किलो. पक्क्या सपाट रस्त्यावर लोखंडी धांवेच्या गाडीस वजनाच्या शेंकडा ४ व रबरी धांवेच्या गाडीस शेंकडा २ इतका जोर लागतो असें धरूं. रस्त्याच्या जातीप्रमाणें हे आंकडे बदलतील. येथें केवळ हिशेबासाठीं घेतले आहेत. सपाटीवर लोखंडी गाडीस ६० व रबरी गाडीस ३० किलो जोर लागला. श्रम निम्मे झाले, आणि जोडी आनंदानें चालली. आतां २० फुटांस १ फूट असा चढ लागला. वजनाचा विसावा भाग, म्हणजे ७५ किलो, दोन्ही गाड्यांस सारखाच वाढला. लोखंडी गाडीस १३५ व रबरी गाडीस १०५ किलो जोर हवा. सपाटीवर निम्म्यानें झालेली बचत चढावर पाव हिश्श्याच्या आंत आली, आणि जोडीच्या ८० किलोंच्या शक्तीस दोन्ही गाड्या भारी झाल्या. थोड्या अंतरापुरता बैल अधिक जोर लावतो म्हणून चढ पार होतो इतकेंच.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सपाटीवर गाडी हलकी चालते असें पाहून मालकानें माल वाढवून एकूण वजन दुप्पट, म्हणजे ३००० किलो, केलें, तर सपाटीवर ६० किलो जोर लागेल व कांहींच बिघडलें नाहीं असें वाटेल. परंतु त्याच चढावर ६० अधिक १५० मिळून २१० किलो जोर लागेल. बैल गुडघे टेकतात, जूं खांद्यांत रुततें, क्वचित् गाडी मागें घसरते, तें याच ठिकाणीं. तात्पर्य, रबरी गाडींत किती माल भरावा हें गांवापुढच्या सपाट सडकेवरून ठरवूं नये. वाटेंतील सर्वांत कठीण चढ किंवा ओढ्याचा उतार-चढ पाहून ठरवावें.

कायद्याचें माप

सरकारी नियमांतहि हेंच तत्त्व आहे. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालीं ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांविषयीं १९६५ सालीं नियम झाले. त्यांत मोठ्या बैलाच्या दोनचाकी गाडीस रबरी धांव नसल्यास ९०० किलो, हवेची रबरी धांव असल्यास १३५० किलो व बॉल बेअरिंग असल्यास १८०० किलो अशी मर्यादा घातली आहे. मध्यम बैलास हेच आंकडे ७००, १०५० व १४०० आहेत. म्हणजे दोन, तीन व चार असें प्रमाण पडलें. एक किलोमीटर किंवा त्याहून लांब चढ असून तो ३० मीटरांस ३ मीटरांपेक्षां अधिक असेल, तर मर्यादा निम्म्यावर येते. दिवसांत ९ तासांपेक्षां अधिक, किंवा विसांव्यावांचून ५ तासांपेक्षां अधिक जनावर जुंपूं नये. उष्णता ३७ अंशांवर असतां दुपारीं १२ ते ३ पर्यंत जुंपूं नये. आणि आर लावलेली पराणी वापरूं नये, असेंहि त्यांत आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अनेक नियमांच्या नकला आमच्या हातून झाल्या. परंतु शेतकऱ्याच्या स्वतःच्या हिताशीं इतका जुळणारा नियम विरळा.

चाकांची निवड

बाजारांत दोन प्रकार मिळतात. एक, जनावरांच्या गाडीसाठींच केलेली धांव. दुसरा, मोटारीची किंवा जीपची वापरलेली धांव. गाडीच्या धांवेवर ६.००-१९, ७.००-१९ किंवा ८.००-१९ असे आंकडे असतात. पहिला आंकडा धांवेच्या रुंदीचा व दुसरा तिच्या आंतील लोखंडी कड्याच्या, म्हणजे रिमच्या, व्यासाचा, दोन्ही इंचांत. लहान गाडीस ६.०० पुरते, ऊंस, विटा, वाळू यांसाठीं ८.०० घ्यावी. व्यास मोठा असणें केव्हांहि चांगलें, कारण मोठें चाक खळग्यांत कमी उतरतें. मोटारीचीं चाकें स्वस्त पडतात, पण व्यासानें लहान असल्यामुळें कच्च्या वाटेवर बैलांस जड जातात.

ट्रॅक्टरच्या मागील चाकासारखी खोल नक्षी गाडीच्या धांवेस असावी असा कित्येकांचा आग्रह असतो, तो व्यर्थ आहे. ट्रॅक्टरचें चाक स्वतः जमिनीस धरून ओढतें, म्हणून त्यास पकड लागते. गाडीचें चाक ओढलें जातें; त्यास पकडीची गरज नाहीं. खोल नक्षींत काळी माती भरते व तें ओझें फुकट वहावें लागतें. साध्या सरळ रेघांची धांव पत्करावी.

जुनी धांव घेणाऱ्यानें चार गोष्टी पहाव्या. आंतील सुताचे थर कोठें उघडे पडले आहेत काय. बाजूस चिरा आहेत काय. वरून नवें रबर चढविलें असल्यास त्याची कड सुटली आहे काय. आणि धांवेचें वय किती. बाजूवर कोरलेल्या अंकांच्या शेवटीं चार आंकडे असतात. ३४२२ असल्यास ती २०२२ च्या ३४ व्या आठवड्यांत झाली असें समजावें. सावलींत न ठेवलेलें रबर न वापरतांहि वाळतें. दोन्ही चाकें एकाच मापाचीं हवींत; एक मोठें व एक लहान असल्यास गाडी कलते व एका बाजूवर भार पडतो. रिम व धांव यांच्या व्यासांत अर्ध्या इंचाचीहि तडजोड करूं नये. हवा भरतांना धांव निसटल्यास मनुष्य जायबंदी होतो.

आंख व बेअरिंग

कित्येक लोक रबरी चाकें घेतात व आंख जुना साधाच ठेवतात. ही काटकसर अंगावर येते. आंखाशीं होणारें घर्षण चाकाच्या परिघावर किती जाणवेल, हें चाकाच्या उंचीवर अवलंबून आहे. जुनें लांकडी चाक पांच फूट उंच असे, म्हणून साध्या तुंब्याचें घर्षण खपून जाई. रबरी चाक अदमासें तीन फूट उंच. त्यास तेंच घर्षण अधिक जाचतें. यासाठीं रबरी धांव व बेअरिंग हीं एकत्रच घ्यावींत. पैसा अपुरा असेल तर धांव हलकी घ्यावी, परंतु बेअरिंग टाळूं नये.

जोडणी

पहिली गोष्ट चाकोरीची. दोन चाकांमधील अंतर आपल्या शिवारांतील चाकोरीशीं जुळलें पाहिजे. न जुळल्यास एक चाक चाकोरींत व दुसरें उंचवट्यावर अशी गाडी वांकडी चालते.

दुसरी गोष्ट उंचीची. चाक लहान झाल्यानें साटा खालीं येतो व दांड्या जुंवाकडे वर चढतात. मग माल मागें सरकतो, गाडी उलाळ होते, आणि जूं वर उचललें जाऊन जोतीं बैलाच्या गळ्यास आवळतात. म्हणून आंख व साटा यांमध्यें लांकडी ठोकळे घालून दांड्या जवळ जवळ सपाट येतील इतका साटा उचलावा. भार आंखाच्या किंचित् पुढें असावा, म्हणजे जूं मानेवर स्थिर रहातें. फार पुढें असल्यास खांदे सुजतात, व उतारावर तर सगळा भार मानेवर येतो.

जोडसामान

पहिलें स्थान ब्रेकचें. लोखंडी गाडी आपल्याच अडथळ्यानें उतारावर आवरली जाई. रबरी गाडी मोकळी धांवते व बैलांस मागून रेटते. घाट किंवा मोठा उतार वाटेंत असणाऱ्यानें ब्रेकवांचून रबरी गाडी रस्त्यावर आणूंच नये. धांवेवर लांकडाचा ठोकळा दाबणारा ब्रेक रबर खातो; तुंब्याशीं बसविलेला ब्रेक अधिक टिकतो.

त्या खालोखाल परावर्तक. रबरी गाडीचा आवाज होत नाहीं, व रात्रीं मागून येणाऱ्या मोटारीस ती दिसत नाहीं. मागें लाल व पुढें पांढरे परावर्तक लावावे. ते उंसाच्या किंवा कडब्याच्या भाराखालीं झांकले जाणार नाहींत अशा जागीं असावे. इतक्या थोड्या खर्चांत मनुष्याचा व बैलांचा जीव राखणारी दुसरी वस्तु नाहीं.

शिवाय दांड्यांखालीं देण्यास एक टेंकण ठेवावें, म्हणजे गाडी उभी असतां मानेवरचा भार उतरतो. चढावर थांबतांना चाकामागें घालण्यास लांकडी पाचर, हवेचा पंप, ठिगळें व जॅक हें सामान गाडींतच असावें.

निगा

हवा आठवड्यांतून एकदां, सकाळीं धांव थंड असतां, पहावी; दाब धांवेवर लिहिल्याप्रमाणें व दोन्ही चाकांत सारखा ठेवावा. कमी हवेनें धांव बाजूंनीं चिरते, आणि ज्या बाजूस हवा कमी त्या बाजूच्या बैलास श्रम अधिक होतात. बाभळीचा कांटा हा रबरी धांवेचा मोठा शत्रु. कुंपणाच्या कडेनें गाडी नेऊं नये, व घरीं आल्यावर धांवेवरून नजर टाकून कांटा आंत शिरण्यापूर्वींच काढावा. बेअरिंग पावसाळ्यानंतर उघडून, धुवून, नवें वंगण भरावें. दोन तीन किलोमीटर चालून तुंब्यास हात लावून पहावा. तो चटका देण्याइतका तापत असल्यास नट फार आवळला आहे किंवा वंगण संपलें आहे असें समजावें. गाडी बरेच दिवस उभी रहाणार असेल तर सावलींत, आंखाखालीं टेंकू देऊन ठेवावी.

लोखंडी धांव कोणीं ठेवावी

सर्वांनींच रबरी चाकें घ्यावींत असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याची वहातूक घरापासून शेतापर्यंतच आहे, वाट खडकाळ व कांटेरी आहे, आणि पंक्चर काढणारा दोन कोसांत नाहीं, त्याचें लोखंडी धांवेचें चाक गांवचा सुतार व लोहार नीट राखीत असल्यास तें मोडीत काढूं नये. ज्यास बाजार, गुऱ्हाळ किंवा कारखाना दूर आहे व पक्की सडक बरीच तुडवावयाची आहे, त्यास रबरी धांव निःसंशय लाभाची आहे. दोघां तिघां शेजाऱ्यांनीं मिळून एक चांगली गाडी केल्यास खर्चहि वांटला जातो.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, रबरी धांवेनें जे श्रम वांचतात ते कोणाचे पदरीं पडावे हें मालकाच्या हातीं आहे. सगळेच मालाच्या रूपानें उचलले, तर बैल पूर्वीइतकाच थकतो व चढावर पूर्वीपेक्षां अधिक. त्यांतील निम्मे तरी बैलाकडे ठेवले, तर तीच जोडी आणखी कांहीं हंगाम अधिक चालते. आणि नव्या जोडीची आजची किंमत ज्यास ठाऊक आहे, त्यास हा हिशेब उलगडून सांगावा लागणार नाहीं.