विश्वासाचा पहारा

रायपूरनजीकच्या उरला औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून पोलाद तयार करणाऱ्या भट्ट्या आहेत. ओले भंगार किंवा बंद डबा तप्त रसात पडल्यास क्षणार्धात स्फोट होऊ शकतो. माल पोचविण्याची मुदत टळत असतानाही असे भंगार परत पाठविणारा पर्यवेक्षक कामगारांना फलकावरील सूचनांहून अधिक शिकवितो. पुढे धोका दिसताच 'थांबा' म्हणण्याचे धैर्य त्यांनाही येते.

लोखंडाच्या उद्योगातच नैतिक नेतृत्वाचा जुना वस्तुपाठ आढळतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. तेथे त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही आणि शिक्षा भोगून आलेल्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यावर संशय सहज घेतला गेला असता, त्यांच्याच हाती वसाहतीची सुरक्षितता सोपविली. फसगत झाली असती, तर दोष लक्ष्मणरावांच्याच माथी आला असता.

बँकेतही याहून वेगळे नाही. परिचित कर्जदाराची अपुरी कागदपत्रे वरिष्ठ ज्या दिवशी नम्रपणे परत करतात, त्या दिवशी संपूर्ण शाखा नियमाचा अर्थ समजून घेते. जोखीम स्वतःकडे घ्यावी आणि विश्वास सहकाऱ्यांना द्यावा, हेच नेतृत्वाचे खरे भांडवल होय.