बाह्य तापमानानुसार तापन-नियंत्रण

बाह्य तापमानानुसार तापन-नियंत्रण म्हणजे इमारत ऊबदार ठेवण्यासाठी रेडिएटरमधून किंवा फरशीखालील नळ्यांमधून फिरवल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान, बाहेरच्या हवेच्या तापमानानुसार कमी-अधिक करण्याची पद्धत होय. बाहेर कडाक्याची थंडी असेल तेव्हा पाणी अधिक गरम ठेवले जाते. थंडी ओसरली की ते केवळ कोमट ठेवले जाते. खोली ऊबदार राहण्यास आवश्यक तेवढीच उष्णता पाण्याला द्यावी, त्याहून अधिक देऊ नये, हे या पद्धतीचे मूळ सूत्र आहे.

ही पद्धत प्रामुख्याने युरोप, रशिया आणि उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत वापरली जाते. महाराष्ट्राच्या हवामानात घरांना केंद्रीय तापनाची गरज भासत नाही. मात्र शिक्षण वा नोकरीनिमित्त थंड देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा अशा व्यवस्थेशी नित्य संबंध येतो.

उष्णजल तापन व्यवस्था

उष्णजल तापन व्यवस्थेत बॉयलर किंवा हीट पंप पाणी तापवतो. पंपाच्या साहाय्याने ते नळ्यांतून प्रत्येक खोलीतील रेडिएटरपर्यंत जाते, तेथे उष्णता सोडते आणि थंड होऊन परत येते. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानाला पुरवठा तापमान आणि परत येणाऱ्या पाण्याच्या तापमानाला परतीचे तापमान म्हणतात. तेच पाणी बंद मार्गातून पुन्हा पुन्हा फिरत असते.

जुन्या बाष्प-तापनापेक्षा ही व्यवस्था एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे. साधारण वातावरणीय दाबाला वाफेचे तापमान सुमारे १००° से. असते व ते सहजासहजी कमी करता येत नाही. पाण्याचे तापमान मात्र ३०° से. पासून ८०° से. पर्यंत हवे तेथे ठेवता येते. बाह्य तापमानानुसार नियंत्रण शक्य होते ते याच गुणामुळे.

तत्त्व

इमारतीच्या भिंती, छप्पर, खिडक्या आणि फटी यांतून उष्णता सतत बाहेर जात असते. ही उष्णताहानी स्थूलमानाने आतील व बाहेरील तापमानांच्या फरकाच्या प्रमाणात असते. समजा, घरात २०° से. तापमान राखायचे आहे. बाहेर उणे १०° से. असताना हा फरक ३० अंशांचा असतो. बाहेर ५° से. असताना तो १५ अंशांचाच उरतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी घराला पहिल्या दिवसाच्या निम्मीच उष्णता लागते.

रेडिएटर किती उष्णता देतो, हे त्यातील पाणी खोलीच्या हवेपेक्षा किती अधिक गरम आहे यावर ठरते. म्हणून घराची गरज निम्मी झाली, तर पाण्याचे तापमानही त्या बेताने उतरवता येते. तसे न करता पाणी कायम ७०° से. ठेवले, तर खोलीतील थर्मोस्टॅटला बॉयलर वारंवार बंद-चालू करावा लागतो. स्वयंपाकाचा जाळ मोठा ठेवून भांडे सारखे चढवावे-उतरवावे, तसा हा प्रकार आहे. जाळच बेताचा ठेवणे हा बाह्य तापमानानुसार नियंत्रणाचा मार्ग आहे.

तापन-वक्र

बाहेरचे तापमान आणि त्याला अनुरूप पुरवठा तापमान यांचा संबंध दाखवणाऱ्या आलेखाला तापन-वक्र म्हणतात. आडव्या अक्षावर बाहेरचे तापमान व उभ्या अक्षावर पाण्याचे तापमान मांडल्यास, बाहेरचे तापमान वाढत जाते तसा हा वक्र खाली येतो.

उदाहरणादाखल असे घर घेऊ, ज्याचे रेडिएटर बाहेर उणे १०° से. असताना ७०° से. पुरवठा आणि ५०° से. परतीचे पाणी असता खोल्या २०° से. ठेवण्यास पुरेसे पडतात. पाण्याचा प्रवाह स्थिर धरून गणित केल्यास पुढील आकडे मिळतात :

बाहेर उणे १०° से. : पुरवठा ७०° से., परती ५०° से.
बाहेर ०° से. : पुरवठा सुमारे ५६° से., परती सुमारे ४३° से.
बाहेर ५° से. : पुरवठा सुमारे ४९° से., परती सुमारे ३९° से.
बाहेर १०° से. : पुरवठा सुमारे ४१° से., परती सुमारे ३४° से.

उष्णतेची गरज सरळ प्रमाणात बदलत असली तरी आलेखातील रेषा किंचित वाकलेली असते. याचे कारण असे, की रेडिएटर व खोली यांच्यातील तापमानाचा फरक दुप्पट केला, तर रेडिएटरची उष्णता दुपटीहून अधिक, म्हणजे जवळजवळ अडीच पट होते. फरशीखालील तापनात हा परिणाम अल्प असल्यामुळे तेथील रेषा जवळजवळ सरळ असते आणि मुळातच पुरवठा तापमान बरेच कमी लागते.

प्रत्येक घराचा वक्र निराळा असतो. भिंतींना उष्णतारोधक आवरण असलेल्या व मोठे रेडिएटर बसवलेल्या घराला सपाट वक्र पुरतो. जुन्या, फटी असलेल्या घराला अधिक चढाचा वक्र लागतो.

घटक व कार्य

या व्यवस्थेचे तीन मुख्य घटक आहेत. पहिला घटक बाहेरच्या भिंतीवरील तापमान-संवेदक. तो उत्तर गोलार्धात सहसा उत्तरेकडील किंवा वायव्येकडील भिंतीवर, जमिनीपासून पुरेशा उंचीवर बसवतात. ऊन, उघडी खिडकी किंवा धुराड्याची ऊब त्याच्यापर्यंत पोहोचल्यास तो बाहेरची हवा आहे त्यापेक्षा गरम असल्याचे कळवतो आणि घर थंड राहते.

दुसरा घटक नियंत्रक. त्यात तापन-वक्र साठवलेला असतो. संवेदकाकडून आलेल्या तापमानावरून आवश्यक पुरवठा तापमान तो ठरवतो.

तिसरा घटक ते तापमान प्रत्यक्षात आणणारी यंत्रणा होय. आधुनिक बॉयलर आपली ज्योत लहान-मोठी करून हे काम स्वतःच करतो. जुन्या बॉयलरच्या बाबतीत मिश्रण झडप वापरली जाते. ती बॉयलरमधील गरम पाण्यात परतीचे थंड पाणी मिसळून रेडिएटरकडे जाणारे पाणी हव्या त्या तापमानाला आणते.

इंधनबचतीची कारणे

पाणी कमी गरम ठेवल्याने इंधन वाचण्याची कारणे अनेक आहेत. तळघर वा पोटमाळा यांसारख्या न तापवलेल्या भागांतून जाणाऱ्या नळ्यांतून कमी उष्णता वाया जाते. खोल्या गरजेपेक्षा अधिक तापत नाहीत. त्यामुळे खिडक्या उघडून उष्णता बाहेर घालवण्याची वेळ येत नाही.

संघनन बॉयलरच्या बाबतीत आणखी एक मोठा लाभ होतो. नैसर्गिक वायू जळताना पाण्याची वाफ तयार होते. ही वाफ बॉयलरमध्येच थंड होऊन तिचे पाणी झाले, तर तिच्यातील सुप्त उष्णता परत मिळते. ही उष्णता ज्वलनातून मिळणाऱ्या इतर उष्णतेच्या सुमारे एक दशांश असते. परंतु हे संघनन घडण्यासाठी परतीचे पाणी सुमारे ५५° से. पेक्षा थंड असावे लागते, आणि ते जितके अधिक थंड तितके संघनन अधिक. पाणी सतत ८०° से. ला फिरवले, तर महागडा संघनन बॉयलरही जवळजवळ साध्या बॉयलरसारखाच वागतो.

हीट पंपाच्या बाबतीत हे नियंत्रण जवळजवळ अनिवार्य ठरते. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतील किंवा जमिनीतील उष्णता उचलून घरात आणतो. ती जितक्या उच्च तापमानापर्यंत चढवावी लागेल तितकी वीज अधिक लागते. पुरवठा तापमान १ अंशाने उतरवल्यास कार्यक्षमता साधारणतः दोन ते अडीच टक्क्यांनी सुधारते.

वक्राची जुळणी

उत्पादकाने कारखान्यात ठरवलेला वक्र सावधगिरीपोटी बहुधा उंच ठेवलेला असतो. तो तसाच राहू दिल्यास संवेदक बसवूनही अपेक्षित लाभ मिळत नाही. म्हणून घरास अनुरूप अशी जुळणी करावी लागते. त्यासाठी दोन राशी बदलता येतात : वक्राचा चढ आणि त्याची समांतर पातळी. कोणती बदलायची हे पुढील लक्षणांवरून ठरवतात.

केवळ कडक थंडीत घर थंड राहत असेल आणि सौम्य हवेत ठीक असेल, तर चढ वाढवावा.
केवळ कडक थंडीत घर फार तापत असेल, तर चढ कमी करावा.
सर्व प्रकारच्या हवेत घर सारखेच थंड राहत असेल, तर संपूर्ण वक्र वर सरकवावा.
सर्व प्रकारच्या हवेत घर सारखेच तापत असेल, तर संपूर्ण वक्र खाली सरकवावा.

जुळणी चालू असताना रेडिएटरवरील थर्मोस्टॅट झडपा पूर्ण उघड्या ठेवतात. अन्यथा पाणी गरजेपेक्षा गरम असले तरी झडपा ते लपवतात. इमारतीच्या भिंती सावकाश तापतात व सावकाश निवतात. म्हणून एका वेळी थोडाच बदल करून, त्याचा परिणाम पाहण्यासाठी एक-दोन दिवस थांबणे आवश्यक असते. एकच खोली थंड राहत असेल, तर मात्र वक्र वाढवू नये. त्या खोलीतील पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटरचा आकार तपासावा. एका खोलीसाठी वक्र वाढवल्यास उरलेले सगळे घर विनाकारण तापते.

सवयीतून येणारा एक गैरसमज येथे आड येतो. रेडिएटरला हात लावल्यावर चटका बसला तरच तापन चालू आहे, असे अनेकांना वाटते. बाह्य तापमानानुसार चालणाऱ्या व्यवस्थेत वर्षातील बहुतेक दिवस रेडिएटर कोमटच लागतो, पण तो दीर्घकाळ चालू असतो. खोलीत ठरवलेले तापमान टिकत असेल, तर कोमट रेडिएटर हा बिघाड नसून व्यवस्था बरोबर चालल्याची खूण असते. हे ठाऊक नसल्यामुळे वक्र वर चढवला जातो आणि इंधनाचे देयक वाढते. मर्यादित उत्पन्नावर राहणाऱ्या वृद्धांना देयकाच्या धास्तीने तापनच बंद ठेवावे लागणे ही थंड देशांतील गंभीर समस्या आहे. त्यामुळे ही छोटीशी जुळणी केवळ तांत्रिक बाब राहत नाही.

मर्यादा व दक्षता

बाहेरचा संवेदक केवळ तापमान ओळखतो. वारा, खिडकीतून येणारे ऊन, स्वयंपाकाची वा माणसांची ऊब त्याला कळत नाही. म्हणून अनेक नियंत्रकांना खोलीतील संवेदकाचीही जोड देतात.

न्हाणीघर व स्वयंपाकघरासाठीचे साठवलेले गरम पाणी या वक्रापासून वेगळे ठेवावे लागते. साठवणीचे पाणी दीर्घकाळ कोमट राहिल्यास त्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. ते श्वासावाटे शरीरात गेल्यास गंभीर न्यूमोनिया होतो. यास्तव असे पाणी सामान्यतः ६०° से. पर्यंत तापवले जाते.

संघननासाठी न बनवलेल्या जुन्या बॉयलरमध्ये फार थंड पाणी परत येऊ देणे धोक्याचे असते. त्यात धुरातील वाफेचे आम्लयुक्त पाणी होऊन धातू गंजतो. अशा ठिकाणी बॉयलर गरम ठेवून केवळ रेडिएटरकडे जाणारे पाणी मिश्रण झडपेने निववतात.

सामुदायिक तापनातील उपयोग

एका केंद्रातून संपूर्ण नगराला उष्णता पुरवण्याच्या व्यवस्थेला सामुदायिक तापन म्हणतात. सोव्हिएत संघातील नगरांत हे तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर राबवले गेले. केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचे तापमान बाहेरच्या तापमानानुसार 'तापमान-आलेख' पाहून ठरवले जाई. अतिथंडीसाठीचा एक प्रचलित आलेख १५०° से. पुरवठा व ७०° से. परती असा होता. इमारतीत शिरताना परतीचे पाणी मिसळून ते ९५° से. पर्यंत उतरवले जाई.

या व्यवस्थेत एक अडचण होती. त्याच पाण्यावर नळाचे गरम पाणीही तापवायचे असल्याने केंद्राला पुरवठा सुमारे ७०° से. च्या खाली नेता येत नसे. परिणामी शरद व वसंत ऋतूंत घरे गरजेपेक्षा तापत आणि रहिवासी खिडक्या उघडून बसत. प्रत्येक इमारतीच्या प्रवेशापाशी स्वतंत्र नियंत्रक बसवणे हा त्यावरील उपाय होय.

कायदेशीर तरतुदी

अमेरिकेत २००७ च्या ऊर्जाविषयक कायद्यान्वये, १ सप्टेंबर २०१२ पासून बनणाऱ्या घरगुती वापराच्या वायूवरील उष्णजल बॉयलरमध्ये, उष्णतेच्या गरजेनुसार पाण्याचे तापमान आपोआप बदलणारी यंत्रणा आवश्यक ठरली. जर्मनीत २०२० मध्ये अमलात आलेल्या इमारत-ऊर्जा कायद्याने केंद्रीय तापनाला बाह्य तापमान किंवा तत्सम अन्य राशीनुसार चालणारे स्वयंचलित नियंत्रण बंधनकारक केले. तशी तरतूद तेथील आधीच्या नियमांतही होती. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून नव्याने बसवल्या जाणाऱ्या संयुक्त बॉयलरसोबत ऊर्जाबचतीच्या चार उपायांपैकी एक योजावा लागतो. बाह्य तापमानानुसार नियंत्रण हा त्यांपैकी एक आहे. तेथे जून २०२२ पासून नवीन तापन व्यवस्था, शक्य तेथे, ५५° से. किंवा त्याहून कमी पुरवठा तापमानावर चालेल अशी आखावी लागते.

हेच तत्त्व उलट दिशेनेही लागू पडते. मोठ्या वातानुकूलित इमारतींत थंड पाणी फिरवले जाते. बाहेरचा उकाडा कमी झाला की ते पाणी थोडे कमी थंड ठेवून वीज वाचवता येते. उष्ण प्रदेशांच्या दृष्टीने या तत्त्वाचे महत्त्व प्रामुख्याने तेथे आहे.